परशुराम नाखव्याचा लंडनचा भाव

परशुराम नाखव्याने उभ्या आयुष्यात गुंजभर सोनं विकत घेतलं नाही, पण ठाण्याच्या कोपरीत कुणाला सोन्याचा आजचा भाव हवा असला तर लोक सराफाकडे न जाता त्याच्याकडे जायचे. भाव सांगायचा त्याला शौक होता. न विचारता सांगायचा शौक तर त्याहून मोठा. सकाळी नळावर, दुपारी पानाच्या टपरीवर, आणि कुणाच्या मयताला गेला तर तिथेही, जरा आवाज उतरवून. एका बाराव्याला त्याने नवरा गेलेल्या बाईचं सांत्वन केलं ते असं, की काळजी करू नका वहिनी, सोनं वर चाललंय. ती बाई रडायची थांबली आणि "किती?" म्हणाली. हा किस्सा तो स्वतःच छाती फुगवून सांगायचा.

आडनाव नाखवा, पण होडीत पाय ठेवला की त्याला उलटी व्हायची. बापाने दोनदा नेऊन पाहिला आणि तिसऱ्यांदा हात जोडले. त्या काळी सोन्याची बिस्किटं घरात ठेवायला कायद्याने बंदी होती, आणि खाडीत रोज चोरटी बिस्किटं उतरतात असं अख्खं ठाणं छातीठोकपणे सांगायचं. परशुरामच्या बापाच्या जाळ्यात जन्मात एकच बिस्किट आलं, ते ग्लुकोजचं, तेही भिजलेलं. पोराने मग वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली आणि सोन्याशी नातं जोडलं ते लांबूनच.

नातं म्हणजे काय, तर जांभळी नाक्यावर महिपतशेठ पोतदारांची पेढी होती आणि पेढीच्या दारात काळी पाटी होती. त्या पाटीवर खडूने सोन्याचा आणि चांदीचा भाव लिहिलेला असे. परशुराम कामावर जाताना मुद्दाम वाकडी वाट करून ती पाटी वाचायचा, आणि महिपतशेठ खडू घेऊन उभे असले तर "किती लिहिताय?" असं परीक्षा घेतल्यासारखं विचारायचा. शेठ सभ्य माणूस. इतकी वर्षं फुकट भाव नेणाऱ्या या माणसाला त्यांनी कधी "घेणार आहेस का काही?" असं विचारलं नाही. एक्क्याण्णव साली देशाने सोनं परदेशात गहाण टाकलं तेव्हा परशुरामने आठवडाभर दाढी केली नाही. त्याची बायको शेवंती म्हणाली, "सरकारनं टाकलं गहान, तुमाला काय झालं? तुमच्या बापाचं होतं का?"

शेवंती स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकायची. कोळीवाड्यात सोनं हे बाईचं खातं. मासळी विकून, घर चालवून जे हातात राहील ते बँकेत जात नाही, गळ्यात जातं. नवऱ्याने त्यात बोट घालायचं नसतं, आणि घातलं तर बोट आपलं आपण सांभाळायचं असतं. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहायला बायका निघाल्या की कुणाच्या गळ्यात काय आहे यावरून वर्षभराची इज्जत ठरते. त्या दिवशी बोडका गळा घेऊन निघालेली बाई म्हणजे बुडालेलं घर, असाच हिशेब.

शेवंतीच्या गळ्यात मोहनमाळ होती. भरगच्च, पोटापर्यंत येणारी. चौऱ्याऐंशी साली ती घरात आली त्या दिवशी शेवंतीने नवऱ्याला आतल्या खोलीत नेलं आणि कानात सांगितलं, "मी केलीय. पै पै साठवून. आता अलीतल्या बायका वापरायला मागतील, लग्नाबिग्नाला. मी देईन. पन तुमी त्यांच्या नवऱ्यांजवल चकार शब्द बोलायचा नाय. त्यांना हलकं वाटंल." परशुरामच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण हे एवढं एक गुपित त्याने पाळलं. कारण ते पाळण्यात मजा होती. शेजारच्या ठमाबाईच्या गळ्यात आपली मोहनमाळ दिसली की तो तिच्या नवऱ्याकडे, नामाकडे, दयेने बघायचा. नामाही त्याच्याकडे तसाच बघायचा. परशुरामला वाटे, बिचाऱ्याला लाज वाटत असेल.

पंच्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं. परशुराम तेव्हा पन्नाशीच्या आसपास. मुलगी लग्न होऊन विठ्ठलवाडीला गेलेली, घरात दोघंच. कुणी त्याला काही बोललं नाही. फक्त जेवताना एक फरक पडला. घरात जिताडा शिजला की त्याचं डोकं कमावत्या माणसाच्या ताटात पडतं, ही त्या घरातली रीत. कारखाना बंद झाल्यावर शेवंतीने डोकं स्वतःच्या ताटात घेतलं आणि नवऱ्याला शेपटी वाढली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, तिने नुसती रीत पाळली. परशुरामने शेपटी खाल्ली, काटे काढले आणि त्या दिवशीचा भाव सांगितला. शेवंतीने ऐकला नाही. खरं म्हणजे लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी कोपरीतली ती एकटीच बाई होती जिने त्याला एकदाही भाव विचारला नव्हता. हे त्याला टोचायचं, आणि शेपटी खाताना जास्त टोचायचं.

अठ्ठ्याण्णव साल संपता संपता कोपरीत चंदूचं सायबर कॅफे उघडलं. चंदू डोंबिवलीचा. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून त्याने व्हीआरएस घेतली आणि त्या पैशांत तीन कॉम्प्युटर आणले. डोंबिवलीत त्याच्यासारखीच व्हीआरएस घेतलेल्या मंडळींनी आधीच गल्लोगल्ली कॅफे उघडली होती, म्हणून हा रोज ठाण्याला यायचा. जागा मिळाली ती बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची. भिंती कितीही पुसल्या तरी पीठ झडायचं, की-बोर्डच्या फटींत जाऊन बसायचं, आणि इंटरनेटवर जगाशी संपर्क साधणारं गिऱ्हाईक आधी दोनदा शिंकायचं. दोन कॉम्प्युटरच्या मध्ये चंदूने पडदे लावले होते. कॉलेजची मुलं पडद्यामागे जो काही अभ्यास करायची त्यावरच त्याचं वीजबिल निघत होतं.

परशुराम तिथे गेला तो पाटी बघून. "जगातली कोणतीही माहिती एका मिनिटात" असं चंदूने रंगवून घेतलं होतं.

"सोन्याचा भाव येतो का यात?" परशुरामने विचारलं.

"नाखवा, लंडनचा येतो. न्यूयॉर्कचा येतो. म्हणाल तिथला येतो," चंदू म्हणाला. त्याने स्वतः कधी बघितला नव्हता, पण धंदा नवा होता.

फोन लागला, मोडेम गळा दाबल्यासारखा किंचाळला, आणि चंदूने एका बोटाने 'गोल्ड' असं टाइप केलं. आधी सोनेरी केसांची एक बाई आली. ती हळूहळू वरून खाली उघडत होती, तोवर शेजारचे दोन्ही पडदे बाजूला झाले. चंदूने घाईघाईने ती बंद केली. मग सोनेरी मासे आले, त्यांच्याकडे परशुरामने कोळ्याच्या नजरेने बघून "खायच्या लायकीचे नाहीत" असा निकाल दिला. चौथ्या की पाचव्या खेपेला एक आलेख आला. काळ्या पाटीवर हिरवी रेघ, आणि ती रेघ जिवंत होती. पान पुन्हा उघडलं की पुढे सरकायची. महिपतशेठची पाटी दिवसातून एकदा बदलायची, ही दर दोन मिनिटांनी बदलत होती. परशुराम खुर्चीत सरळ बसला. त्याला आपलं आयुष्य फुकट गेलं नाही असं वाटलं, आणि ते त्याने मोठ्याने म्हटलं.

त्या दिवसापासून शेवंती कमरेच्या पिशवीतून रोज एका तासाचे पैसे काढून द्यायला लागली. ती चहाविडीला द्यावे तसे द्यायची, आणि घरात बसून डोकं खाण्यापेक्षा बरं, एवढाच तिचा त्यामागे विचार होता. परशुराम मात्र तो तास नोकरीसारखा पाळायचा. धुतलेला शर्ट, खिशाला पेन.

काही महिन्यांत त्याने सोन्याच्या जगातली मोठमोठी ठिकाणं शोधून काढली. एका साइटवर कोणत्या देशाकडे किती सोनं आहे त्याचा तक्ता होता, त्यात त्याने आधी भारत शोधला आणि मग सवयीने ठाणे जिल्हाही शोधला. इंटरनेटवरच्याच एका फळ्यावर जगभरचे सोनेवाले एकमेकांना प्रश्न विचारायचे. तिथे त्याने चंदूकडून इंग्रजी लिहून घेऊन टाकलं, की मी कोपरीचा परशुराम, मला सोन्यातला तीस वर्षांचा अनुभव आहे. कॅनडातल्या एकाने लगेच विचारलं, कोपरी ही खाण कुठे आहे? परशुरामने कळवलं, स्टेशनच्या पूर्वेला.

पण त्याच्या डोक्यात खरं भांडण होतं ते दोन साइटींचं. एक होती अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याची. त्याने परसात नाणी पुरून ठेवली होती, सन दोन हजार लागताच जगातले कॉम्प्युटर बंद पडणार आणि सोनं सोडून सगळं मातीमोल होणार असं त्याचं म्हणणं होतं, आणि सोनं विकाल तर रडाल असं तो दर चार ओळींनी बजावायचा. त्याच्या पानावर पंख पसरलेल्या गरुडाचं मोठं चित्र होतं. ते उघडायला दहा मिनिटं लागायची. आधी एक पंख, मग चोच, मग वरच्या मजल्यावरच्या मालकिणीने फोन उचलला की लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून पंख. दुसरी साइट टायवाल्या लोकांची. चित्रं नाहीत, बडबड नाही, बोट लावलं की हजर. ते म्हणत, सोन्याचे दिवस संपले, हा धातू आता दात बसवण्यापुरता राहणार, शहाण्याने विकून मोकळं व्हावं.

परशुराम तासाच्या पैशांवर बसणारा माणूस. जी साइट दहा मिनिटं खाते ती लुच्ची, आणि जी चटकन उघडते तिच्या पोटात पाप नाही, असं त्याने ठरवून टाकलं. बाजारातसुद्धा जी कोळीण पाटीवरचं फडकं काढायला वेळ लावते तिची मासळी शिळी असते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. माणसाने अनुभवाचा उपयोग करावा तो असा.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात इंग्लंडच्या सरकारने आपलं निम्म्याहून जास्त सोनं विकायला काढलं. हिरवी रेघ लाल झाली आणि पायऱ्या उतरायला लागली. परशुरामने पान छापून घेतलं आणि मासळीबाजाराच्या खांबाला चिकटवलं. शेवंतीने दुपारी ते काढून त्यात बोंबील बांधून दिले. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरं चिकटवलं. जूनमध्ये समाजमंदिरात सभा भरवली आणि बायकांना सांगितलं, की विलायतचं सरकार वेडं नाही, तुमच्या गळ्यातलं आहे ते आत्ता मोडा, पैसे बँकेत टाका, नाहीतर पुढच्या वर्षी ते पितळेच्या भावाने जाईल.

ठमाबाई त्या अळीतली सगळ्यात थोरली, तिने तंबाखू मळता मळता विचारलं, "परशा, त्या विलायतच्या रानीनं गल्यातली माल काढली का रं?"

"तिची नाही. सरकारची."

"मग आमी सरकार नाय," ठमाबाई म्हणाली, आणि सभा संपली.

घरी त्याने शेवंतीच्या मागे लकडा लावला. मोहनमाळ मोडू. आत्ता मोडू. ती एकच सांगे, मोडायची नाय. का नाही, ते सांगत नसे. ऑगस्ट आला आणि रेघ इतकी खाली गेली की चंदूने स्क्रीन हलवून बघितला. परशुरामची झोप उडाली. त्याला खरोखरच दिसत होतं, की या घरात एकच मोठी चीज आहे आणि ती रोज थोडी थोडी विरघळतेय, आणि ते कळणारा माणूस शेपटी खातोय. आपण हिला वाचवायची. वाचवली की ती म्हणेल, माझा नवरा होता म्हणून. तिने एकदा तसं म्हणावं, यासाठी तो काय वाटेल ते करायला तयार होता, आणि नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ते केलं.

त्या वर्षी नारळ वाहताना मोहनमाळ शेवंतीच्याच गळ्यात होती, म्हणजे ती घरात होती. शेवंती बाजाराला गेली. त्याने तांदळाचा डबा पाहिला, गादी उचकली, देव्हाऱ्यामागे हात घातला. सापडली ती सुक्या जवळ्याच्या डब्यात, तळाशी, फडक्यात. चोर जिथे नाक घालणार नाही तिथे तिने ती ठेवली होती. परशुरामने ती शर्टाच्या आत टाकली आणि जांभळी नाक्याला निघाला. रस्त्यात तीन मांजरं मागे लागली.

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच पेढीची पायरी चढला. महिपतशेठनी गादीवरून उठून स्वागत केलं. त्याने मोहनमाळ काढून पुढे ठेवली. शेठनी ती उचलली, नाकाशी नेली, बाजूला ठेवली आणि चष्मा काढून पुसत बसले.

"मोडायची आहे," परशुराम म्हणाला. "लंडनला काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको."

"बाकीच्या चौघी कुठे आहेत?"

"कोण चौघी?"

महिपतशेठनी चष्मा घातला. "परशुराम, ही तुझ्या बायकोची आहे असं तुला वाटतं?"

"वाटतं म्हणजे? तिने पै पै साठवून केली."

"केली. पाचांनी मिळून केली," शेठ शांतपणे म्हणाले. "चौऱ्याऐंशी साली त्या बाकावर पाच जणी दाटीवाटीने बसल्या होत्या. सगळ्यांचे पैसे एका पाटीत, नोटांना मांदेलीचा वास. एकेकीच्या पैशांत सुतासारखी साखळी झाली असती, नारळी पौर्णिमेला घालायची लाज वाटावी अशी. तेव्हा तुमच्या ठमाबाई म्हणाल्या, पाच दोरे करण्यापेक्षा एक मोहनमाळ करा, आळीपाळीने घालू. माझ्याकडून त्यांनी वचन घेतलंय, की पाचही जणी समोर उभ्या राहिल्याशिवाय ही माळ मोडायची नाही. मी पंधरा वर्षं तोंड उघडलं नाही. आजही उघडलं नसतं. पण ही तुझ्याकडून घेतली असती तर ठमाबाईंनी माझी पेढी खाडीत नेऊन घातली असती."

परशुरामच्या डोळ्यांपुढे पंधरा नारळी पौर्णिमा उभ्या राहिल्या. सकाळी ठमाबाईच्या गळ्यात, मिरवणुकीत अळीतल्याच नाथाच्या बायकोच्या, नारळ वाहताना शेवंतीच्या. आणि नामाची ती दयाळू नजर. नामाला पण तेच सांगितलेलं होतं! पाचही घरांत, पाचही नवऱ्यांना, आतल्या खोलीत नेऊन, कानात. कुणाजवळ बोलू नका, त्यांना हलकं वाटेल. पाच पुरुष पंधरा वर्षं एकमेकांची कीव करत हिंडत होते.

"आजचा भाव सांगू का?" महिपतशेठनी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"नको," परशुराम म्हणाला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. कॅनडातल्या माणसाला आपण सोन्याबद्दल शिकवलं, आणि घरात पाचवा हिस्सा आहे हे बायकोने पंधरा वर्षांत सांगितलं नाही. का सांगितलं नसेल याचा विचार त्याने रेल्वेचा पूल ओलांडेपर्यंत केला. उत्तर सोपं होतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी नळावर कळलं असतं.

घरी पोचला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत शेवंतीसकट पाचही जणी बसल्या होत्या आणि मधोमध जवळ्याचा रिकामा डबा होता. परशुरामने शर्टातून माळ काढून डब्यावर ठेवली. मग ठमाबाईने तोंड सोडलं. ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात त्याचे पूर्वज होते, मांजरं होती, विलायतची राणी होती, आणि तो ज्या बोटांनी कॉम्प्युटर दाबायचा त्या बोटांचं पुढे काय करावं याबद्दल काही सूचना होत्या. बाकीच्या तिघी मधूनमधून भर घालत होत्या. परशुराम मान खाली घालून उभा होता. ठमाबाईचं त्याला काही वाटत नव्हतं. शेवंती बोलत नव्हती, ते त्याला सोसवत नव्हतं.

सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "मना विचारायचं होतंत."

"विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"मग तेच उत्तर होतं."

त्याला एकवीरा आईची शपथ घालण्यात आली, की चार घरांतल्या चार नवऱ्यांना यातलं अक्षर कळता कामा नये. चंदूच्या तासाचे पैसे बंद झाले. ताटात शेपटीही येईना, नुसता जवळा यायचा. तो वाढताना शेवंती डबा मुद्दाम त्याच्या नजरेसमोर ठेवायची.

महिनाभर परशुरामने सोन्याचा भाव ना पाहिला ना सांगितला. नळावर लोकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. मग सप्टेंबर संपता संपता एके सकाळी चंदू धावत आला. "नाखवा, चला. तुमच्या रेघेला काहीतरी झालंय. मला वाटलं कॉम्प्युटर हँग झाला. पैसे नकोत, आधी चला."

रेघ भिंतीसारखी उभी चढली होती. युरोपातल्या सरकारी बँकांनी आपापसांत ठरवलं होतं, की आता हवं तसं सोनं विकायचं नाही. टायवाल्यांची साइट चटकन उघडली आणि आम्ही हे आधीच सांगितलं होतं असं तितक्याच चटकन म्हणाली. परशुराम त्या रेघेकडे बघत राहिला. महिन्यापूर्वी जांभळी नाक्याच्या त्या गादीवर शेठनी हो म्हटलं असतं तर? तो घरी गेला आणि कुणालाही काही न सांगता दाराजवळ बसून राहिला. कोपरीच्या इतिहासात एवढा मोठा भाव असा न सांगता कधी गेला नव्हता.

पण भाव काही त्याच्या सांगण्यावर अडलेला नव्हता. आठवड्याभरात तो बाजारात, टपरीवर, सगळीकडे पोचला. आणि दिवाळीच्या तोंडावर नाथा त्याला शोधत कॅफेत आला. पैसे नाथाने भरले होते, त्यामुळे परशुरामला खुर्चीत बसायला मिळालं. नाथा आजूबाजूला बघून कानाशी लागला, "परशा, कुनाला बोलू नको. आमच्या घरची मोहनमाल हाय ना, तुझी शेवंती पन वापरते ती. होडीला नवं इंजिन घ्यायचंय. बायको नाय बोलते. पन भाव वर चरलाय. तू नेटवर बगून सांग, आता मोडायची ना? तू सांगितलंस तर मी परस्पर नेतो."

परशुराम पेचात पडला. मोड म्हणणं हे त्याचं जन्माचं काम. चढलेल्या भावाला विकावं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि सल्ला मागायला माणूस पहिल्यांदाच पदरचे पैसे भरून आला होता.

"थांब," तो म्हणाला. "आधी एका मोठ्या माणसाचं मत बघू."

त्याने अमेरिकेतल्या म्हाताऱ्याची साइट लावली. गरुडाचा एक पंख यायला लागला. नाथा वाट बघत बसला. दोनदा शिंकला. चोच आली. वरच्या मालकिणीने फोन उचलला. लाइन गेली, मोडेम किंचाळला, पुन्हा पहिला पंख. नाथाची भरती निघून चालली होती. शेवटी नखं दिसायच्या आत तो उठला.

"काय बोलतो तो?"

"बोलतो, विकाल तर रडाल. घरातल्या बाईने घातलेलं सोनं तर अजिबात हलवू नका, असं खास लिहिलंय."

"अमेरिकेत पन?"

"अमेरिकेत तर जास्तच," परशुराम म्हणाला.

दोन दिवसांनी नामा आला, डोळ्याच्या ऑपरेशनचं निमित्त घेऊन. त्यालाही गरुड दाखवला. त्याच्या मोतीबिंदूमुळे त्याला पंख आणि चोच सारखंच दिसत होतं, पण विश्वास पूर्ण बसला. तो आठवडा संपायच्या आत उरलेले दोघंही येऊन गेले. प्रत्येक जण आजूबाजूला बघून कानाशी लागला, प्रत्येकाने "आमची" मोहनमाळ म्हटलं, आणि जाताना परशुरामच्या खांद्यावर जरा दयेने हात ठेवला. परशुरामने तो हात ठेवू दिला. जगातल्या कोणत्याही साइटवर नसलेली गोष्ट त्याला ठाऊक होती, ती कुणाला सांगायची नव्हती, आणि गंमत म्हणजे न सांगणं त्याला जमत होतं.

शेवटचा नवरा गेल्यावर चंदू हिशेबाच्या गल्ल्यावरून म्हणाला, "नाखवा, केवढं सोनं आहे हो तुमच्या अळीत! मी मोजतोय, चार मोहनमाळा झाल्या."

"पाच," परशुराम म्हणाला. "आमची धरून."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ठमाबाई दारातून निघत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, तंबाखूची चंची पुढे केली, "तुझा गरुड चांगला हाय रं, परशा," म्हणाली आणि गेली. आत जिताड्याचं कालवण उकळत होतं. शेवंतीने ताट मांडलं. परशुराम नेहमीच्या जागी बसला आणि खाली बघत राहिला.

"अवो," शेवंती म्हणाली, "आज सोन्याचा काय भाव हाय?"

त्याने चटकन मान वर केली, तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. दिवसभर गरुड उघडण्यात गेला होता. भावाचं पान त्याने लावलंच नव्हतं.

"बघायचा राहिला," तो म्हणाला.

शेवंती इतकी हसली की तिला पळी खाली ठेवावी लागली. मग डोळे पुसून तिने जिताड्याचं डोकं उचललं आणि त्याच्या ताटात वाढलं.